माघारी राहिलेल्या प्राण्यांच्या देखभालीसाठी न्यास : कायदेशीर मान्यतेचे मागणीपत्र

प्रति,
मा. मंत्री, विधी व न्याय विभाग, महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई
प्रत : मा. मंत्री, पशुसंवर्धन विभाग, मा. धर्मादाय आयुक्त, महाराष्ट्र राज्य

विषय : नावानिशी ठरलेल्या पाळीव प्राण्याच्या आजीवन देखभालीसाठी केलेल्या न्यासाला मान्यता देणे आणि त्यासाठी भारतीय न्यास अधिनियम, १८८२ मध्ये राज्यापुरती दुरुस्ती करणे.

महोदय,

आमच्या संघटनेत प्राणी पाळणारी कुटुंबे आहेत, एकटे राहणारे ज्येष्ठ नागरिक आहेत, निवारे आणि पांजरपोळ चालवणारे विश्वस्त आहेत, पशुवैद्यक आहेत आणि मृत्युपत्रे तयार करून देणारे वकीलही आहेत. या सगळ्यांना एकत्र आणणारी अडचण एकच आहे. आपल्या माघारी आपला कुत्रा, मांजर, घोडा किंवा बैल पोसला जावा म्हणून कोणी स्वकष्टाचे पैसे बाजूला ठेवले, तर ते त्याच कामी लागतील याची हमी देणारा कायदा या राज्यात नाही.

पैसे आहेत, सांभाळायला माणसे तयार आहेत, इच्छाही लेखी आहे. अडते ते १८८२ सालच्या एका व्याख्येपाशी.

भारतीय न्यास अधिनियमाच्या कलम ६ प्रमाणे न्यास स्थापन होण्यासाठी हेतू, प्रयोजन, लाभार्थी आणि मालमत्ता या गोष्टी पुरेशा स्पष्ट असाव्या लागतात. लाभार्थी कोण होऊ शकतो, हे कलम ९ सांगते : मालमत्ता धारण करण्यास सक्षम असलेली व्यक्ती. कुत्रा मालमत्ता धारण करू शकत नाही. कायद्याच्या नजरेत तो स्वतःच जंगम मालमत्ता आहे. त्यामुळे त्याच्या नावाने केलेल्या न्यासाला लाभार्थीच उरत नाही. असा न्यास अंमलात येण्याजोगा नाही असे ठरले, तर कलम ८३ नुसार विश्वस्ताने ती रक्कम न्यासकर्त्याच्या किंवा त्याच्या कायदेशीर प्रतिनिधीच्या हितासाठी धरून ठेवायची असते. म्हणजे पैसा वारसांकडे परत जातो आणि ज्याच्यासाठी तो ठेवला होता तो प्राणीही मालमत्ता म्हणून त्याच वारसांकडे जातो, मग त्यांना तो हवा असो वा नसो.

याच राज्यात सर्व प्राण्यांसाठी धर्मादाय काम करण्यास कायद्याची आडकाठी नाही आणि कधी नव्हती. मुंबईत १८३२ साली भटक्या कुत्र्यांच्या हत्येवरून दंगल झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पुढाकाराने भुलेश्वरचा पांजरपोळ उभा राहिला. परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे. आज असे काम महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ९ मधील सार्वजनिक उपयुक्ततेच्या हेतूखाली नोंदवता येते. त्याच कायद्याचे कलम १० तर असे सांगते की, ज्यांच्या लाभासाठी सार्वजनिक न्यास केला ते निश्चित करता येत नाहीत एवढ्याच कारणाने तो रद्दबातल ठरणार नाही.

शंभर अनोळखी गायींसाठी पैसे ठेवले तर कायदा पाठीशी उभा राहतो. बारा वर्षे घरात वावरलेल्या एका जनावरासाठी ठेवले तर तो हात काढून घेतो. हा भेद न्याय्य नाही, आणि तो टिकवून कोणाचे हित साधते हे आजवर कोणी आम्हाला सांगितलेले नाही.

सध्या वापरात असलेल्या पळवाटा आम्हाला ठाऊक आहेत. मृत्युपत्रात एखाद्या मित्राला रक्कम द्यायची आणि प्राणी सांभाळण्याची अट किंवा विनंती लिहायची, ही त्यांतली नेहमीची. विनंती असेल तर ती न्यायालयात टिकत नाही. अट असेल तर ती मोडल्याची तक्रार बहुधा उर्वरित मालमत्तेचा वारस करील, आणि तीही प्राण्याला जेवण मिळावे म्हणून नव्हे तर रक्कम आपल्याकडे यावी म्हणून. प्राण्याच्या बाजूने विचारणारे कोणीच नसते. ज्याच्या हाती पैसे दिले त्याच्या सचोटीवर सगळे अवलंबून राहते. कित्येक माणसे ती सचोटी पाळतात, हे आम्ही कृतज्ञतेने नमूद करतो. पण चांगल्या माणसाच्या भरवशावर चालणारी व्यवस्था म्हणजे कायदा नव्हे.

रतन टाटा यांचे ९ ऑक्टोबर २०२४ रोजी निधन झाले. त्यांच्या मृत्युपत्रात पाळीव प्राण्यांच्या देखभालीची तरतूद असल्याचे वृत्त सर्वांनी वाचले. त्यानंतर आमच्या वकील सदस्यांकडे हाच प्रश्न घेऊन सामान्य माणसे येऊ लागली : आम्हालाही असे करता येईल का? ज्यांच्या मागे मोठी संस्था, जाणते सल्लागार आणि विश्वासू माणसे असतात त्यांची इच्छा कायद्याशिवायही पार पडते. कोथरूडच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या निवृत्त शिक्षिकेला कायद्याचाच आधार लागतो. तिची मुलगी न्यू जर्सीत असेल, तर त्या मुलीला तिथे स्वतःच्या मांजरासाठी न्यास करता येतो. आईला इथे करता येत नाही.

अमेरिकेतील सर्व ५० राज्यांनी आज असा न्यास मान्य केला आहे. शेवटचे मिनेसोटा, २०१६ मध्ये. तिथल्या एकरूप न्यास संहितेच्या कलम ४०८ ची रचना साधी आहे. न्यासकर्त्याच्या हयातीत जिवंत असलेल्या प्राण्यासाठी न्यास करता येतो. शेवटचा प्राणी गेला की न्यास संपतो. न्यासपत्रात नेमलेली किंवा न्यायालयाने नेमलेली व्यक्ती त्याची अंमलबजावणी करून घेते. रक्कम गरजेपेक्षा जास्त असेल तर न्यायालय ती कमी करू शकते. ज्या इंग्लंडच्या न्यासविचारावर आपला १८८२ चा कायदा उभा आहे, तिथेही १८४२ च्या पेटिंगॉल खटल्यात एका घोडीसाठी आणि १८८९ च्या डीन खटल्यात घोडे व शिकारी कुत्र्यांसाठी ठेवलेली तरतूद न्यायालयाने मान्य केली होती. ती परंपरा तिथे अपवाद म्हणून टिकली. आपल्याकडे कलमांच्या शब्दांनी त्या अपवादाला जागाच ठेवली नाही.

प्राण्यांना माणसांसारखे हक्क द्या, अशी आमची मागणी नाही. उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये आणि पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये प्राण्यांना विधिक अस्तित्व असल्याचे म्हटले. मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १८ मे २०२३ च्या निकालात प्राण्यांना मूलभूत हक्क देण्याचे पाऊल उचलले नाही. त्या वादाचा निर्णय व्हायचा तेव्हा होवो. आमचे काम त्यावाचून भागते. मालकी माणसाचीच राहील, कर्तव्यही माणसावरच राहील. ते कर्तव्य बजावले जाते की नाही हे पाहणारा कोणीतरी कायद्याने उभा करावा, इतकेच आम्हाला हवे आहे. देवाची मालमत्ता देवाच्या नावे राहते आणि तिची व्यवस्था माणूस पाहतो, ही रीत आपल्या न्यायालयांनी शतकभर चालवली आहे. तिच्या तुलनेत आमची मागणी बरीच लहान आहे.

आता मागण्या.

मागणी १ : राज्यदुरुस्ती

भारतीय न्यास अधिनियमात महाराष्ट्रापुरते नवे कलम घालून ‘प्राणी देखभाल न्यास’ वैध ठरवावा. न्यास करतेवेळी किंवा मृत्युपत्र अंमलात येतेवेळी जिवंत असलेल्या आणि न्यासपत्रात ओळख दिलेल्या एक वा अधिक पाळीव प्राण्यांसाठी तो असेल. कलम ६ व ९ मधील लाभार्थीची अट अशा न्यासाला लागू नसावी.

हे राज्याच्या अधिकारात बसत नाही, असे उत्तर आम्हाला यापूर्वी तोंडी मिळाले आहे. ते बरोबर नाही. न्यास आणि विश्वस्त हा विषय समवर्ती सूचीत दहाव्या क्रमांकावर आहे, मृत्युपत्र व वारसा पाचव्या, तर प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध सतराव्या क्रमांकावर. अनुच्छेद २५४(२) नुसार राष्ट्रपतींची संमती घेऊन राज्याला केंद्रीय कायद्यात आपल्यापुरता बदल करता येतो. बैलगाडा शर्यतीसाठी महाराष्ट्राने २०१७ मध्ये १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात अशीच दुरुस्ती केली, तिला संमती मिळवली, आणि २०२३ च्या त्याच निकालात ती टिकली. वाट मळलेली आहे. शर्यतीतल्या बैलासाठी जी विधिमंडळीय तत्परता दाखवली गेली, ती म्हाताऱ्या झालेल्या बैलासाठीही दाखवावी.

मागणी २ : देखरेख करणारी व्यक्ती

ही आमची मध्यवर्ती मागणी आहे. बाकी सर्व मान्य झाले आणि ही वगळली तर दुरुस्तीला अर्थ राहणार नाही.

प्रत्येक प्राणी देखभाल न्यासात तीन भूमिका वेगळ्या असाव्यात : पैसे सांभाळणारा विश्वस्त, प्राणी सांभाळणारा पालक आणि दोघांना जाब विचारू शकणारा पर्यवेक्षक. विश्वस्त आणि पालक एकच असायला आमची हरकत नाही, कारण लहान रकमेच्या न्यासात दोन माणसे मिळणे कठीण असते. पर्यवेक्षक मात्र या दोघांपेक्षा वेगळा असलाच पाहिजे, आणि न्यास संपल्यावर उरलेली रक्कम ज्याला मिळणार आहे तो पर्यवेक्षक वा पालक नसावा. प्राणी लवकर मेल्याने ज्याचा फायदा होतो त्याच्याच दारात तो बांधणे योग्य नाही.

पर्यवेक्षकाला वर्षातून किमान दोनदा प्राणी प्रत्यक्ष पाहण्याचा, हिशेब मागण्याचा आणि जिल्हा न्यायालयात अर्ज करण्याचा अधिकार असावा. न्यासपत्रात पर्यवेक्षक नेमलेला नसेल, तर जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीने ती जबाबदारी घ्यावी. केंद्राच्या २००१ च्या नियमांप्रमाणे अशी सोसायटी प्रत्येक जिल्ह्यात असणे बंधनकारक आहे. जिथे ती फक्त कागदावर आहे, तिथे ती सहा महिन्यांत कार्यरत करावी.

मागणी ३ : मुदत

वारसा अधिनियम, १९२५ च्या कलम ११४ आणि मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १४ मध्ये मालमत्ता किती काळ अडकवून ठेवता येते याची मर्यादा आहे. ती हयात व्यक्तीच्या आयुष्यावर मोजली जाते. प्राण्याचे आयुष्य त्या मोजमापात धरले जात नाही, म्हणून नवी तरतूद स्पष्ट शब्दांत हवी : न्यास शेवटच्या नामनिर्देशित प्राण्याच्या मृत्यूपर्यंत चालेल. नामनिर्देशित प्राण्याच्या पुढच्या पिढीला तो लागू होणार नाही. अपवाद फक्त न्यासकर्त्याच्या मृत्यूवेळी गाभण असलेल्या मादीच्या पिल्लांचा.

कुत्र्यामांजरांच्या बाबतीत ही मुदत सहसा पंधरा-वीस वर्षांपलीकडे जात नाही. घोडा पंचवीस-तीस वर्षे जगतो. आफ्रिकन करडा पोपट त्याहून कितीतरी जास्त जगू शकतो. अशा परदेशी प्रजातींची नोंद आता केंद्राच्या २०२४ च्या नियमांनुसार करावी लागते, तेव्हा न्यासपत्रात त्या नोंदणीचा क्रमांक देणे सक्तीचे करावे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली पाळण्यास बंदी असलेल्या प्राण्यासाठी न्यास करता येऊ नये. बेकायदा पिंजऱ्याला न्यासाचे कवच मिळता कामा नये, ही आमची स्वतःची अट आहे.

मागणी ४ : वाजवी रक्कम, वारसांचे हक्क

अमेरिकेतील हॉटेल व्यावसायिक लिओना हेल्म्सली यांनी २००७ मध्ये आपल्या कुत्रीसाठी १ कोटी २० लाख डॉलर ठेवले आणि न्यूयॉर्कच्या न्यायालयाने ती रक्कम २० लाखांवर आणली. असा अधिकार आपल्या न्यायालयालाही असावा. आमच्या सदस्यांना त्याची भीती नाही, कारण त्यांच्या रकमा साध्या आहेत. उदाहरणादाखल, एका मध्यम आकाराच्या कुत्र्याचे खाणे, लसीकरण आणि औषधोपचार यांसाठी महिना ६,००० रुपये धरले, तर वर्षाचे ७२,००० आणि आठ वर्षांचे ५,७६,००० रुपये होतात. महागाई आणि एखादी शस्त्रक्रिया धरली तरी सात-आठ लाखांत काम भागते. त्यावर मिळणारे व्याज धरले तर मूळ रक्कम आणखी कमी लागते.

वारसांवर अन्याय होऊ नये म्हणून आम्हीच सुचवतो : पत्नी किंवा पती, अज्ञान मुले आणि वृद्ध आईवडील यांच्या पोटगीचा हक्क अशा न्यासाच्या आधी यावा. ज्या वैयक्तिक कायद्यांत मृत्युपत्राने देता येणाऱ्या हिश्श्याला मर्यादा आहे, त्या मर्यादा तशाच राहाव्यात.

शिल्लक रक्कम कोठे जावी हे न्यासकर्त्याने लिहावे. लिहिले नसेल तर निम्मी वारसांना आणि निम्मी त्या जिल्ह्यातील नोंदणीकृत प्राणिकल्याण संस्थेला द्यावी.

मागणी ५ : ओळख आणि प्रामाणिकपणा

मेलेल्या कुत्र्याच्या जागी तसाच दिसणारा दुसरा दाखवून पैसे घेत राहणे, हा या व्यवस्थेतला सर्वांत सोपा गैरव्यवहार ठरेल. त्यासाठी त्वचेखाली मायक्रोचिप, तिचा क्रमांक न्यासपत्रात, आणि दर वर्षी नोंदणीकृत पशुवैद्यकाचा दाखला सक्तीचा करावा. दुसरा धोका उलट्या बाजूचा आहे. असह्य वेदनेत असलेले जनावर केवळ मासिक रक्कम चालू राहावी म्हणून जगवत ठेवले जाऊ नये. दोन पशुवैद्यकांनी लेखी मत दिल्यास त्याला वेदनामुक्त मरण देण्याचा निर्णय न्यासपत्रातील कोणतीही अट अडवणार नाही, असे कलमात स्पष्ट म्हणावे.

मागणी ६ : मृत्यूनंतरचे पहिले दिवस

न्यास कितीही चांगला असला तरी मृत्युपत्राची प्रक्रिया पूर्ण व्हायला महिने लागतात. प्राण्याला त्याच संध्याकाळी खायला लागते. एकट्या माणसाचे निधन होते, पंचनामा होतो, घराला कुलूप लागते, आणि आत मांजर राहून जाते. आमच्या निवाऱ्यांतील कार्यकर्त्यांना असे फोन येतात तेव्हा कुलूप उघडायचे कोणाच्या अधिकारात, याचे उत्तर पोलीस ठाण्यागणिक वेगळे मिळते.

यासाठी कायदा बदलावा लागत नाही. घर बंद करण्यापूर्वी आत प्राणी आहे का हे पाहून तो त्याच दिवशी शेजारी, नातेवाईक किंवा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीकडे पावती घेऊन सोपवावा, असे परिपत्रक गृह विभागाने काढावे. वारसा अधिनियमाच्या कलम ३०८ नुसार एक्झिक्युटरला मृताच्या मालमत्तेची योग्य काळजी घेण्यासाठी खर्च करता येतो. कायद्याने प्राणी मालमत्ता असेल, तर त्याचे खाणे आणि औषध हा त्याच कलमातला खर्च ठरतो. विधी विभागाने तसे स्पष्टीकरण द्यावे. ही मागणी ३० दिवसांत पूर्ण होऊ शकते.

मागणी ७ : शेवटचा आधार म्हणून शासकीय विश्वस्त

नेमलेला विश्वस्त मेला, परदेशी गेला किंवा त्याने नकार दिला, तर न्यास कोसळू नये. १९१३ च्या कायद्याखालील शासकीय विश्वस्ताचे कार्यालय राज्यात आहे. कोणीच नसेल तेव्हा त्याने रक्कम सांभाळावी आणि पालकाला दरमहा द्यावी.

मागणी ८ : मुद्रांक आणि कर

मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही. हयातीत केलेल्या प्राणी देखभाल न्यासासाठी, १५ लाख रुपयांपर्यंत, ठरावीक ५०० रुपये शुल्क असावे. आयकर हा केंद्राचा विषय आहे, पण राज्याने शिफारस करावी : लाभार्थी अनिश्चित म्हणून अशा न्यासाच्या व्याजावर कमाल दराने कर लागू नये. निवाऱ्यांसाठीही एक शिफारस हवी आहे. १९६१ च्या आयकर कायद्याने धर्मादाय संस्थेला वर्षाच्या उत्पन्नापैकी ८५ टक्के त्याच वर्षी खर्च करायला लावले, आणि पुढे ठेवायचे असेल तर पाच वर्षांची मुदत दिली. एका कुत्र्याच्या दहा वर्षांच्या सांभाळासाठी मिळालेली रक्कम या चौकटीत बसत नाही. अशी रक्कम प्राण्याच्या हयातीपर्यंत राखून ठेवण्याची मुभा असावी.

मागणी ९ : टाकून देणाऱ्यांना दंड

वारसा म्हणून मिळालेला प्राणी रस्त्यावर सोडणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये आहे. त्या रकमेत आज कुत्र्याचे एक वेळचे जेवणही येत नाही. राज्यदुरुस्तीने हा दंड किमान १०,००० रुपये करावा आणि ती रक्कम त्या प्राण्याच्या सांभाळासाठी थेट निवाऱ्याला द्यावी.

या सर्व मागण्यांना नवे खाते लागत नाही, नवी पदे लागत नाहीत. दुय्यम निबंधक कार्यालये आहेत, जिल्हा न्यायालये आहेत, धर्मादाय आयुक्तांची विभागीय कार्यालये आहेत. खर्चाचा पैसा सरकारचा नाही. तो न्यासकर्त्याचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ च्या नागराज निकालात भूक आणि तहान यांपासून मुक्तता ही प्राणिकल्याणाची पहिली गोष्ट मानली. राज्यघटनेच्या अनुच्छेद ५१क(छ) ने सजीवांबद्दल दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकाचे कर्तव्य ठरवले. नागरिक ते कर्तव्य स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या मृत्यूनंतरही पार पाडू पाहत आहे. सरकारने त्याची वाट अडवू नये.

आम्ही यापूर्वी निवेदने दिली आहेत. त्यांच्या पोचपावत्या आमच्याकडे आहेत, लेखी उत्तरे नाहीत. आमचे ज्येष्ठ सदस्य अनिश्चित काळ थांबू शकत नाहीत. म्हणून या पत्रासोबत मुदती देत आहोत. मागणी ६ मधील परिपत्रक आणि स्पष्टीकरण ३० दिवसांत निघावे. विधी विभाग, पशुसंवर्धन विभाग, धर्मादाय आयुक्त आणि आमचे दोन प्रतिनिधी यांची मसुदा समिती ४५ दिवसांत नेमावी. तिने १२० दिवसांत मसुदा द्यावा, आणि तो येत्या नागपूर अधिवेशनात विधेयक म्हणून मांडावा. मसुद्याची प्रारूप कलमे आमच्या वकील सदस्यांनी तयार केली आहेत. समिती नेमल्याच्या दिवशी ती सादर करू.

कोणती मागणी मान्य नसेल, तर ती का मान्य नाही हे कलमनिहाय लेखी कळवावे. पहिल्या ३० दिवसांत उत्तर न आल्यास हेच मागणीपत्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांतील सर्व सदस्यांना आणि उच्च न्यायालयातील आमच्या वकिलांना पुढील कार्यवाहीसाठी देण्याचा ठराव आमच्या सर्वसाधारण सभेने मंजूर केला आहे.

आपले,
अध्यक्ष व कार्यवाह,
सर्व सदस्यांच्या वतीने